भांडायला या

कर्करोगाच्या रोग्यांना धीर द्यावा म्हणून सांगलीतल्या एका वकिलीणबाईंनी १९४६ साली मंडळ काढले. वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवणारा जिनदत्त चौगुले त्यात कसा गेला, हे त्यालाही सांगता आले नसते. बहुधा नाही म्हणायला उशीर झाला. बाईंनी बजावले होते, "रोग्याजवळ शांत बसावं. 'बरं आहे का' असं तर विचारूच नये, त्यांना लागतं." जिनदत्तला ही सूचना फार आवडली.

इस्पितळात त्याच्या वाट्याला तात्याबा आला. पाटणकडचा शेतकरी, गालाच्या आत गाठ. बुधवारी ऑपरेशन ठरले होते. गाठ वेळेवर सापडली, जबड्याचा थोडा भाग काढला तर माणूस वाचेल, असे डॉक्टर म्हणत होते. जिनदत्त रोज दुपारी पांढरे धोतर, पांढरी टोपी घालून यायचा, काही न बोलता बाकावर बसायचा, खाली बघायचा आणि तसाच उठून जायचा. आपल्याला एखादे काम बरे जमते आहे, असे त्याला वाटू लागले होते.

मंगळवारी तो आला तेव्हा तात्याबाची बायको साळूबाई गाठोडे बांधत होती.

"निघालो घरी," तात्याबा म्हणाला. गाठीमुळे त्याचे शब्द जाड यायचे.

"पण उद्या ऑपरेशन आहे."

"कापून काय करायचं? तुमी दावलंच की, मास्तर."

"मी?"

"आवं, आमच्याकडं मानूस गेलेल्या, माती झालेल्या घरी असंच भेटायला येत्यात. येताना राम राम न्हाई, जाताना 'येतो' न्हाई. खाली बघून बसायचं न् उठून जायचं. पैल्या दिशी वाटलं, चुकून आलासा. रोज यायला लागलासा तवा कळलं, डागदर खोटं बोलतोय."

"मी म्हनलं, जित्या माणसाच्या दुखवट्याला कुनी येतंय व्हय?" साळूबाई म्हणाली. "तर म्हंत्यात, शहरात आदी उरकून घेत असत्याल."

जिनदत्त बाकावर टेकला. "डॉक्टर खरं सांगतात. तुम्ही वाचाल."

"मग एवढं हळू का बोलतायसा?"

"मी असाच बोलतो."

"मातीच्या घरी कोन भांडत न्हाई. मी जगणार आसंन तर भांडा माझ्यासंगं."

जिनदत्तने भांडणे वाचली होती, केली नव्हती. तो उभा राहिला. सगळा वॉर्ड बघत होता.

"तुम्ही अत्यंत अविचारी गृहस्थ आहात."

तात्याबाने बायकोकडे पाहिले. "ही शिवी हाय का?"

"आसंल. सांगलीकडची."

"बायकोला एवढ्या लांब आणलंत," जिनदत्तचा आवाज चिरकला, "आणि आता पळता? भित्रे आहात तुम्ही!"

"भित्रा कुनाला म्हंतूस रं?" तात्याबा उठून बसला. "तोंड शिवून बसनारा तू!"

"बसेन! माझं तोंड आहे!"

नर्स धावत आली आणि जिनदत्तला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. वकिलीणबाईंच्या मंडळातला माणूस असा निघेल असे तिला वाटले नव्हते. मागे साळूबाई गाठोडे सोडू लागली.

बुधवारी ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी, आवाज करणार नाही असे कबूल केल्यावर नर्सने जिनदत्तला आत सोडले. तात्याबाचा जबडा पट्ट्यांनी आवळलेला होता. बोलायची बंदी होती. जिनदत्त बसला. तात्याबा त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने पायाने बाक ढोसला.

"अविचारी," जिनदत्त कुजबुजला.

तात्याबाने मूठ दाखवली. आता त्याच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवे होते. जिनदत्तने प्रयत्न केला, पण साळूबाईला ते पटेना.

"लय मिळमिळीत बोलतायसा. सरका, ह्यांच्याकडनं मी भांडते."

ती पदर खोचून बसली आणि हलक्या आवाजात सुरू झाली. जिनदत्त जमेल तसे उत्तर देत होता. तात्याबा डोळे मिटून ऐकत होता. ती दम घ्यायला थांबली, की बोटाने 'पुढं' अशी खूण करत होता.