दिवसातून किती वेळा

मनमोहन तळपदे खोटं बोलत होते आणि त्यांची सून रुपाली शेजारच्या खुर्चीत बसून ते ऐकत होती.

“जुलाब?” सिस्टरने फॉर्मवरून मान वर न करता विचारलं.

“नाही.”

“दिवसातून किती वेळा जाता?”

“एकदा. सकाळी. घड्याळ लावून घ्या.”

“रक्त वगैरे? पोटात कळा?”

“काहीही नाही. सलाइन कुठल्या खोलीत लावणार तेवढं सांगा.”

रुपालीने सकाळपासून मोजलं होतं. सहा वेळा. आदल्या दिवशी आठ. दर वेळी मनमोहनराव आधी नळ सोडायचे आणि मग कडी लावायचे, पण गिरगावातल्या तीन खोल्यांच्या घरात नळाच्या आवाजाने काय झाकणार? धुवायचे कपडे काढताना त्यांच्या पायजम्याच्या खिशात तिला जुलाब थांबवायच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं होतं. दहातल्या सात गोळ्या संपल्या होत्या.

दोघांचं पटत नव्हतं हे म्हणणं फार सौम्य झालं. तळपदे तीन पिढ्या गिरगावातले. आजोबा कोर्टात, वडील सरकारी कचेरीत, स्वतः मनमोहनराव विमा कंपनीत ऑफिसर. रुपाली लालबागच्या चाळीत वाढलेली, तिचे आजोबा, गणपत, कापडगिरणीत साचा म्हणजे माग चालवायचे. अकरा वर्षांपूर्वी मुलाने, यतीनने, तिच्याशी लग्न केलं तेव्हा मनमोहनराव हॉलवर आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेले. पुढे एकाच घरात राहिले तेही तसेच. कोलंबीच्या कालवणात खोबरं दिसलं की वाटी बाजूला सारायची आणि म्हणायचं, “हे लालबागात चालतं.” सासूबाई, उर्मिलाताई, होत्या तोवर मध्ये पडायच्या. त्या गेल्यावर मध्ये कोणी उरलं नाही. यतीन जहाजावर इंजिनीयर, सहा-सहा महिने समुद्रावर. नणंद क्षितिजा माटुंग्याला राहायची, पण तिच्या कॉलेजातून तिला कधी सुट्टी मिळायची नाही. रुपालीला दादरच्या शाळेतून मिळायची, म्हणजे ती घ्यायची. दर तिसऱ्या आठवड्याला एक दिवस, त्यांच्या डोससाठी.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, पण वर्षाच्या आत लिव्हरवर डाग दिसले. गाठीची तपासणी केल्यावर डॉक्टर विजयकरांनी सांगितलं की यांच्या गाठीचा प्रकार वेगळा आहे, केमोपेक्षा इम्युनोथेरपी जास्त लागू पडेल. “तुमच्या रोगप्रतिकारक पेशींना ती गाठ दिसते, पण त्यांच्यावर ब्रेक लागलेला आहे. हे औषध तो ब्रेक काढतं. मात्र एकदा सुटलेल्या पेशी गाठीवरच थांबतील असं नाही. आतड्यावर जातील, लिव्हरवर, थायरॉइडवर. म्हणून काहीही वेगळं वाटलं तर लपवायचं नाही. जुलाब झाले तर आधी मला सांगायचं. वेळेवर कळलं तर आवरता येतं. उशीर झाला तर आतडं फुटतं.”

विजयकर आपल्या जातीतले, पाठारे प्रभू, म्हणून मनमोहनरावांना ते पहिल्या दिवसापासून पसंत होते. आणि औषध लागलंच. तीन डोसांनंतरच्या स्कॅनमध्ये डाग निम्मे झालेले दिसले. त्या दिवशी त्यांनी पेढे आणले. रुपालीलाही एक दिला. हातात नाही, टेबलावर ठेवला.

मग चौथ्या डोसच्या दिवशी रांगेत एक बाई भेटल्या. “मला जुलाब लागले आणि माझं औषधच बंद केलं हो,” त्या म्हणाल्या. मनमोहनरावांनी ते ऐकलं. दहा-अकरा दिवसांनी त्यांचं पोट बिघडलं तेव्हा त्यांनी नळ सोडायला सुरुवात केली.

रुपालीने आदल्या संध्याकाळी विषय काढला होता. “पप्पा, उद्या डॉक्टरांना सांगायला हवं.”

“काय सांगायला हवं?”

“तुम्हाला माहितीये काय.”

मनमोहनरावांनी पेपर खाली ठेवला. “तू माझ्या संडासाबाहेर पहारा देतेस? बरोबर आहे. चाळीत रांग लावून वाढलेली माणसं. आत कोण काय करतंय ते ऐकत उभं राहायची सवय असते.”

 रुपाली आत गेली आणि शाळेच्या वह्या पुढ्यात घेऊन बसली, पण एकही तपासून झाली नाही.

आता सिस्टरने फॉर्म पुढे पाठवला आणि त्यांना डॉक्टरांच्या केबिनमध्ये बोलावलं. विजयकरांनी कागद पाहिला. “वजन तीन किलो उतरलंय, काका. जेवता ना?”

“उन्हाळा आहे. भूक कमी लागते.”

“बाकी सगळं ठीक?”

“उत्तम.”

“खोटं आहे,” रुपाली म्हणाली.

विजयकरांनी पेन खाली ठेवलं. मग ती एकेक सांगत गेली. आज सहा वेळा, काल आठ. दहा दिवस चाललंय. परवा पॅनमध्ये रक्त होतं, नीट धुतलं गेलं नव्हतं. तिने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. हे सगळं करताना तिला दया आली नाही, भीतीही वाटली नाही. तिला बरं वाटत होतं. वर्गात कॉपी करणारा मुलगा पकडल्यावर वाटतं त्याहूनही बरं.

“डॉक्टर, ही बाई मला मारायला टपलीये,” मनमोहनरावांचा आवाज चढला. “नवरा बाहेर, सासरा गेला की घर मोकळं. औषध लागतंय हे हिला बघवत नाही!”

“काका, टेबलावर झोपा.”

“तुम्ही हिचं ऐकणार?”

“मी तुमचं पोट ऐकणार. झोपा.”

विजयकरांनी डाव्या कुशीत बोटं दाबली आणि मनमोहनरावांच्या तोंडून आवाज निघालाच. त्या दिवसाचं सलाइन रद्द झालं. त्यांना तिथेच दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली तेव्हा आतडं लालभडक आणि जागोजागी सोललेलं निघालं. शिरेतून स्टिरॉइड सुरू केलं. चार दिवस झाले तरी जुलाब थांबेनात, तेव्हा आधी टीबी नाही याची खात्री करून दुसरं एक इंजेक्शन दिलं, सुटलेल्या पेशींना आवरणारं. त्याने आठवड्याभरात आग शमली. पण विजयकरांनी स्पष्ट सांगितलं की इम्युनोथेरपी आता नाही. पुन्हा कधीच नाही.

मनमोहनरावांनी भिंतीकडे तोंड केलं.

क्षितिजा त्या दिवशी आली. कॉरिडॉरमध्ये रुपालीला गाठून म्हणाली, “पप्पा म्हणतात, तू मुद्दाम केलंस.”

“तू विचारतेयस की सांगतेयस?”

“आधी मला फोन करायचास. घरातली गोष्ट होती.”

“रक्त पडत होतं त्यांना. घरात ठेवायची गोष्ट होती का ती?”

जहाजावरून यतीनचा फोन आला तो तुटत तुटत. “रूप, एक दिवस थांबली असतीस तर? तेवढा डोस झाला असता.”

“झाला असता. आणि आतडं फुटलं असतं.”

“मी फक्त विचारतोय गं.”

“तू फक्त विचारतोस, ती फक्त विचारते. संडास कोणी धुतला ते कोणी विचारलं का?” लाइन तुटली. तिने पुन्हा फोन लावला नाही.

घरी आल्यावर स्टिरॉइडने मनमोहनरावांची भूक वाढली आणि राग त्याहून वाढला. चेहरा सुजून गोल झाला. जिन्यात भेटेल त्याला ते सांगायचे, “माझं औषध सुनेने बंद पाडलं.” शेजारचे राजाराम काका रुपालीला बघून दार लोटून घ्यायला लागले. सासरा-सून एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते. ती ताट वाढून ठेवायची, ते ती आत गेल्यावर बसायचे. ती मनात रोज एकच हिशोब करायची. लिव्हरवरचे डाग पुन्हा वाढले तर हा माणूस मरताना आपलं नाव घेऊन मरेल, आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतील. कदाचित आपणसुद्धा.

चार महिन्यांनी स्कॅन झाला. विजयकरांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. “डाग वाढले नाहीत. उलट आणखी बारीक झालेत. एक तर सापडतच नाही.”

“पण औषध तर बंद आहे,” रुपाली म्हणाली.

“काही पेशंटमध्ये असं होतं. पेशी एकदा गाठ ओळखायला शिकल्या की औषध थांबलं तरी काम करत राहतात. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. दर तीन महिन्यांनी बघत राहू.”

मनमोहनराव खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे आणखी चार डोस मिळाले असते तर मी साफ झालो असतो.”

“आणखी एक मिळाला असता तर कदाचित आज इथे बसला नसता, काका.”

बाहेर परळच्या फुटपाथवर दोघं टॅक्सीसाठी उभी राहिली. पाऊस नुकताच थांबला होता. मनमोहनराव समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले, “आता मी पाया पडावं अशी अपेक्षा असेल.”

चार महिन्यांतलं हे त्यांचं तिच्याशी पहिलं वाक्य.

“नाही,” रुपाली म्हणाली. “तुमच्या काळजीने नव्हतं सांगितलं मी. आदल्या दिवशी तुम्ही आमच्या चाळीबद्दल जे बोललात ना, त्यासाठी सांगितलं. तुमच्या विजयकरांसमोर तुम्हाला खोटं पाडायचं होतं.”

मनमोहनरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. कागदपत्र तपासताना सही जुळते का बघावं तसं.

“हे पटतं,” ते म्हणाले. “क्षितिजाला मी हेच सांगत होतो.”

“आणखी कोणाला सांगायचं असेल तर सांगा. यतीनला मीच सांगेन.”

टॅक्सी थांबली. मनमोहनराव मागे बसले, रुपाली ड्रायव्हरशेजारी. लालबागला सिग्नलच्या अलीकडे तिने गाडी बाजूला घ्यायला लावली.

“मी आईकडे उतरतेय. दोन दिवस राहीन.”

“आणि माझं जेवण?”

“डाळ, भात, भाजी फ्रिजमध्ये आहे. गॅस कसा पेटवतात ते येतं ना?” तिने स्कॅनची फाइल खिडकीतून त्यांच्या मांडीवर ठेवली. “पुढची तारीख आत लिहिलीये. त्या दिवशी माझ्या शाळेत परीक्षा आहेत.”

“क्षितिजाला वेळ नसतो.”

“मग एकटे जा. आणि सिस्टर विचारेल तेव्हा खरं सांगा.”

 मनमोहनरावांनी काच वर केली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “गिरगाव. लवकर चला.” टॅक्सी निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत रुपाली थांबली नाही; तिने रस्ता ओलांडला.