बावीस टोप्या

वणीजवळच्या राजूरमध्ये पोळा झाला की तिघी मैत्रिणी दुपारची भांडी आवरून विणायला बसत. जागा ठरलेली, शगुफ्ताची ओसरी. कारण उरलेल्या दोघींना सुया धरायला तिनंच शिकवलं होतं. चंदाबाई बंजारा तांड्यावरून लग्न होऊन इथे आलेली, तिचा नवरा रामधन कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला. तिसरी ममता, वयानं दोघींपेक्षा खूप लहान, गावातल्या अंगणवाडीची सेविका. ईदला मोहल्ल्यातल्या लेकरांसाठी मोजे आणि दिवाळीला अंगणवाडीतल्या पोरांसाठी टोप्या, असा त्यांचा सात वर्षांचा नेम होता. यंदा पोरं बावीस होती.

शगुफ्ताचा हात एवढा सराईत की ती बोलता बोलता विणायची, सुईकडे बघायचीही नाही. म्हणूनच चंदाबाईला कळायला उशीर झाला. एका दुपारी शगुफ्तानं विणून ठेवलेली टोपी तिनं उचलली, तर मधेच तीन टाके गळलेले आणि हिरव्या लोकरीत निळी मिसळलेली. दुसरी टोपीही तशीच. ममता घरी गेल्यावर चंदाबाईनं विचारलं, "शगुफ्ता, तुले दिसून नाई राह्यलं का?"

शगुफ्ता हसली. मग हसणं थांबवून तिनं आत कानोसा घेतला. आत तिची मुलगी कहकशां स्वयंपाक करत होती.

"शुगरनं झालं," ती हळूच म्हणाली. "डाव्या डोळ्यानं काहीच नाई. उजव्यानं मधातच काळं काळं दिसते. डॉक्टर म्हणे, नागपूरले जा."

"मंग जात काहून नाई?"

"डिसेंबरात कहकशांची शादी हाय. माही अम्मी आंधळी झालती, आता मी. पोराकडच्यायले समजलं तर म्हणतीन, पोरगीही तशीच होईन. शादी होऊ दे, मंग जातो. तुले माही कसम, कहकशांच्या अब्बाले सांगू नको."

चंदाबाईनं कसम घेतली. त्या दिवसापासून ती शगुफ्ताच्या टोप्या पिशवीत घालून घरी न्यायची, उसवायची आणि पुन्हा विणायची. दुसऱ्या दिवशी ममता त्या हातात घेऊन म्हणायची, "शगुफ्ता चाची, तुमच्या हाताची सर आमाले कधी येईन?" शगुफ्ता खुश व्हायची. आपल्या टोप्या कोणीतरी पुन्हा विणतं, हे तिला ठाऊक नव्हतं. चंदाबाईला वाटायचं, दोनच महिने तर काढायचे आहेत.

दोघींच्या घरांमध्ये खाणीचा रस्ता होता. दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, धुळीनं झाडांची पानंसुद्धा काळी. शगुफ्ताला कुठं जायचं असलं की चंदाबाई काहीतरी निमित्त काढून सोबत निघायची आणि गप्पा मारल्यासारखा तिचा हात धरायची.

दिवाळीला चार दिवस राहिले तेव्हा तीन टोप्या बाकी होत्या. तिन्ही शगुफ्ताच्या, तिन्ही बिघडलेल्या. संध्याकाळी ममता न्यायला येणार होती. त्या दुपारी चंदाबाई शगुफ्ताकडे गेलीच नाही. दार लोटून घेऊन भराभर विणत बसली.

तिची वाट बघून शगुफ्ता उठली. चंदाला बरं नाही की काय, बघून येते, असं कहकशांला सांगून निघाली.

ब्रेकचा आवाज चंदाबाईनं घरातूनच ऐकला. मग माणसांचा. सुया हातात तशाच घेऊन ती बाहेर धावली. शगुफ्ता रस्त्याच्या मधोमध पडली होती, एक चप्पल पायात, एक कुठंच नाही. तिचा नवरा मोहिउद्दीन आपल्या गॅरेजमधून तेलकट हातांनीच पळत आला आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ती आधीच गेली होती.

लोकांनी ट्रकमधून ड्रायव्हरला ओढून काढलं. पूनमसिंग त्याचं नाव, पंचेचाळिशीचा माणूस. मार खाताना तो एकच सांगत होता, "मी हॉर्न देल्ला जी! बाईनं माह्याकडे पाह्यलं. सरळ पाह्यलं. मले वाटलं, थांबली!"

त्यानं लोक जास्तच चिडले. मेलेल्या बाईवर ढकलतो म्हणून कोणीतरी लोखंडी सळई आणली. पोलीस येईपर्यंत त्याचा हात मोडला होता. गर्दीत चंदाबाई उभी होती. हा माणूस खरं बोलतो आहे, हे तिथं फक्त तिला माहीत होतं. ती बोलली नाही.

दिवाळी आली आणि गेली. टोप्या ममतानं एकटीनं वाटल्या. मोहिउद्दीन येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "तीस साल त्या रस्त्यानं आली-गेली ती. तिले ट्रक दिसला नसन? त्या हरामखोरानं जाणूनबुजून घातला." पूनमसिंग सरकारी दवाखान्यातून कोठडीत गेला. चंदाबाईला जेवण जाईना. घास घेतला की, "सरळ पाह्यलं" हे शब्द आठवायचे.

शेवटी ती मोहिउद्दीनकडे गेली आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. टोप्यांचंसुद्धा.

तो म्हणाला, "तुमाले मालूम होतं. आन् तुमी तिले एकटीले रस्त्यावर येऊ देल्लं?"

"भाईजान, कसम घातलती तिनं..."

"भाभी, उठा. शादी होतवर हे कोणाजवळ बोलायचं नाई. अन् माह्या दारात यायचं नाई."

चंदाबाई फाटकापर्यंत आली तोच मागून कहकशां आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"खाला, मलेही मालूम होतं," ती म्हणाली. "भाजीत अम्मी दोनदा मीठ टाके. मी तिच्या मागं मागं सारं नीट करत जाओ. तिले समजू देत नव्हती. मले वाटे, मले एकटीलेच मालूम हाय."

दोघी तिथंच फाटकाला धरून रडल्या. एकीनं जरी तोंड उघडलं असतं तरी शगुफ्ता नागपूरला असती, हे दोघींनाही कळत होतं.

"माही शादी मोडली तर मोडू द्या," कहकशां डोळे पुसत म्हणाली. "तुमी जा ठाण्यात. त्या माणसालेही लेकरं असतीन."

चंदाबाई रामधनला घेऊन वणीच्या ठाण्यात गेली. जबाब लिहून घेणारा हवालदार दोनदा थांबला. "बाई, तुमी तर मयताकडच्या ना? मंग त्याच्या बाजूनं कायले सांगून राह्यल्या?"

"बाजू नाई साहेब. जे हाय ते सांगून राह्यली," ती म्हणाली आणि कागदावर सही केली.

ट्रक जोरात होता, हेही तिनं सांगितलं. तिच्या जबाबामुळे पूनमसिंगला जामीन मिळाला, खटला मात्र सुरूच राहिला. हाताचं हाड वाकडं जुळल्यानं त्याला पुन्हा स्टिअरिंग धरता येणार नव्हतं.

बातमी मुलाकडच्यांपर्यंत पोचली. त्यांनी लग्न मोडलं नाही, फक्त पोरीचे डोळे तपासून आणा म्हणाले. कहकशां नागपूरला गेली, रिपोर्ट चांगला आला. तो कागद तिनं मुलाकडच्यांना पाठवला आणि सोबत निरोप दिला की डोळे तपासून सून नेणाऱ्या घरात मी लग्न करणार नाही. मोहिउद्दीननं त्याचाही दोष चंदाबाईला दिला.

मार्चात ईद आली. ममता दोनदा विचारून गेली, "काकू, मोजे विणायचे काय?" चंदाबाईनं नाही म्हणून मान हलवली. नमाज पढून परतताना मोहिउद्दीन तिच्या घरासमोरून गेला. ती दारातच उभी होती. "ईद मुबारक, भाईजान," ती म्हणाली. त्यानं ऐकलं, कारण त्याचं पाऊल क्षणभर अडखळलं. मग तो तसाच पुढं गेला.