हैदरभायचं खासगी टपाल

हैदरभायनी तेरा वर्षं लोकांचे फोन चोरून ऐकले आणि त्या तेरा वर्षांत बूथ एक दिवसही उशिरा उघडला नाही. कामावर निष्ठा म्हणतात ती हीच.

महाडच्या एस.टी. स्टँडकडून चवदार तळ्याकडे जाताना डाव्या हाताला त्यांचा बूथ होता. बाहेर पिवळी पाटी, आत काचेची पेटी, पेटीत फोन. आणि मागच्या खोलीत, पडद्याआड, त्याच तारेवर जोडलेला दुसरा फोन. दुबई, दमाम, कुवेतचे फोन यायचे. डोंगरावरच्या कुडपणहून उतरलेल्या बायका मुंबईच्या नवऱ्यांशी बोलायच्या. हैदरभाय पडद्याआड बोलण्याच्या जागेवर रुमाल बांधून, श्वास रोखून ऐकत बसायचे. त्यात वाईट हेतू नव्हता. पेपरात महाडच्या बातम्या यायच्या नाहीत, एवढंच.

दोन हजार चारपर्यंत घरोघरी मोबाईल आले आणि बूथ बसला. हैदरभाय झेरॉक्सवर आले. वरच्या माळ्यावर सारिकाने कॉम्प्युटर क्लास थाटला. ही कापडे गावची, भाताच्या शेतकऱ्याची मुलगी. नवरा मुंबईला नोकरीत, आणि ही इथे तहसीलच्या कारकुनांपासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांना माउस धरायला शिकवायची. भाडं वेळेवर द्यायची आणि मनात येईल ते तोंडावर बोलायची. दुसऱ्या गुणामुळे हैदरभाय तिला थोडे वचकून असत.

हैदरभायची लेक रिम्शा लग्न होऊन शारजाला गेली. तिने जाताना आईला, म्हणजे आमिनाला, एका परदेशी कंपनीची फुकटची ईमेल पेटी उघडून दिली होती. आमिना दर शुक्रवारी क्लासमध्ये येऊन सारिकाकडून पत्र टाइप करून घ्यायची. हैदरभाय शेजारी स्टूल टाकून बसायचे, कारण सवय.

दोन हजार सातच्या जानेवारीत आमिनाने लेकीला लिहिलं की गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही. पुढच्या शुक्रवारी पेटी उघडली तर पत्राच्या बाजूला जाहिरात : गुडघेदुखीवर तेल. खाली दुसरी : गुडघ्याचं ऑपरेशन. त्याच्याखाली : बिनजिन्याचे फ्लॅट.

आमिना म्हणाली, "बघा, किती काळजी करतात."

हैदरभाय मात्र स्टूलवर ताठ बसले. जाहिरातींमागे श्वास रोखून बसलेला माणूस त्यांनी ओळखला. आपल्याच जातीचा चोर होता.

"सारिका," ते म्हणाले, "तिकडं कुणी तरी ऐकतंय."

"माणूस नाही ऐकत, चाचा. मशीन वाचतं. पेटी फुकट कशी देतात मग?"

"मी तेरा वर्षं ऐकलं," बोलणं तोंडातून निसटून गेल्यावर हैदरभाय थांबले, पण आता निसटलंच होतं. "पन कधी कुनाला तेल विकलं नाय."

आमिनाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत होतं. सगळ्या महाडला माहीत होतं. फक्त हैदरभायना वाटायचं की कुणाला माहीत नाही.

त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. आपली पेटी आपल्या घरात पाहिजे. आपलं मशीन, आपली तार, आपलं टपाल. सारिकाने आधी हसण्यावारी नेलं, मग तिलाच चेव आला. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली लिनक्स या मोफत सिस्टीमची सीडी तिच्याकडे दोन वर्षं पडून होती. एमआयडीसीतली एक रंगाची कंपनी बंद पडली होती, तिच्या ऑफिसातला एक डबडा कॉम्प्युटर हैदरभायनी भंगारवाल्याच्या टेम्पोतून खाली उतरवला. त्याच्या पंख्यातून आठवडाभर निळी पूड उडत होती. ब्रॉडबँड नुकतं आलं होतं, त्याची जोडणी घेतली. वीज रोज चार-पाच तास जायची, म्हणून ट्रान्सपोर्टवाल्या उझैरकडून ट्रकची बॅटरी आणून इन्व्हर्टरला लावली. दोन महिने सारिका क्लास सुटल्यावर त्या डब्यासमोर बसून शिव्या घालायची आणि हैदरभाय तिला चहा आणून द्यायचे. शिव्या मराठीत होत्या, डब्याला इंग्रजीच कळत होतं, त्यामुळे वेळ लागला.

पेटी चालू झाली आणि पहिलंच पत्र वाटेत मेलं. म्हणजे गेलं, पण मोठ्या कंपनीने ते रिम्शाच्या कचऱ्यात टाकलं. घरगुती मशीनचा कंपनीला भरवसा नव्हता.

"चोराला आमचा संशय," हैदरभाय म्हणाले.

सारिकाने तोड काढली. पत्र बाहेर पाठवायचंच नाही. शारजा-कुवेतच्या लोकांना पण याच डब्यावर पेटी द्यायची. पत्र महाडलाच राहील. ज्याला वाचायचं त्याने तिकडून इंटरनेटवरून इथे यावं, आपली पेटी उघडावी, वाचावं.

ही युक्ती लोकांना पटली. गावची बातमी गावातच राहते, म्हणून असेल. एप्रिलअखेर मोहल्ल्यातली चाळीस घरं हैदरभायच्या डब्यावर होती. कुडपणची ठमाबाई सुद्धा आली. तिचा रामा मुंबईला एका हापिसात शिपाई होता, तिथल्या कॉम्प्युटरवर चोरून पेटी उघडायचा. ठमाबाई सांगायची आणि सारिका टाइप करायची : "लिव, म्हस व्याली. रेडाच झाला. म्हनावं, तुज्यावाणी."

हैदरभायनी इस्त्रीचे शर्ट घालायला सुरुवात केली.

मग एके दिवशी अम्बरीन आली. उर्दू शाळेत बाई होती, वय पस्तीस, नवरा आदिल कुवेतला. झेरॉक्स काढायला आली होती. बाकावर पाच-सहा बायका पेटी उघडायची वाट बघत बसलेल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माळ्यावरच्या डब्याकडे जाणाऱ्या जिन्याकडे पाहिलं आणि अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "परदेशी कंपनी पत्रं वाचते म्हणून तुम्ही ही इथे आणलीत. या डब्याची चावी कुणाकडे असते?"

उत्तर झेरॉक्स मशीनमागे, इस्त्रीच्या शर्टात उभं होतं.

"मग छान आहे," अम्बरीन म्हणाली. "तिकडचा वाचणारा निदान आपल्याला ओळखत तरी नव्हता."

आठवड्यात चाळीस घरांची पाच घरं राहिली. त्यातलं एक हैदरभायचंच.

हैदरभाय जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सारिकाला म्हणाले, "मी आता नाय वाचत कुनाचं. बदललो मी."

"एकही नाही वाचलंत?"

हैदरभाय पंख्याकडे बघत राहिले. "तीन," ते म्हणाले. "ठमाबायचं आनि दोन दुसऱ्यांची. ठमाबायचं तर सगळ्यांसमोर लिवलेलं, ते धरू नको."

सारिका रागावली नाही. "मी पण वाचू शकते, चाचा. ज्याच्याकडे डबा त्याला वाचता येतं. तुम्ही चांगले झालात म्हणून काही होत नाही. उद्या तुमचा मूड फिरला तर?" मग तिने सांगितलं की यालाही इलाज असतो. प्रत्येकाने आपलं कुलूप करायचं. उघडं कुलूप सगळ्यांना वाटायचं, किल्ली मात्र आपल्याजवळ, आपल्या फ्लॉपीत. लिहिणारा समोरच्याचं कुलूप पत्राला लावून दाबतो. मग डबावाल्याला पत्र दिसतं, पण आत काय ते दिसत नाही. "मला पण नाही आणि तुम्हाला पण नाही."

"मला पन नाय," हैदरभाय म्हणाले. त्यांच्या आवाजात नक्की काय होतं ते सारिकाला कळलं नाही.

संध्याकाळी ते अम्बरीनच्या घरी गेले. ती वह्या तपासत होती. तिने बसा म्हटलं, पाणी दिलं आणि पुन्हा लाल पेन उचललं.

चौऱ्याण्णव साली याच अम्बरीनचा साखरपुडा झाला होता. ती बूथवर आली होती आणि दोहाच्या मामूला फोन करून रडली होती की मला हे लग्न नको, मला डी.एड. करायचंय, अब्बांना मी सांगते, मग तुम्ही समजवा. मामू हो म्हणाला होता. पण हैदरभायनी चहाच्या हॉटेलात सहज एकाला सांगितलं आणि संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआत ते नवऱ्यामुलाच्या घरी पोचलं. लग्न मोडलं. नंतर पाच वर्षं मोहल्ल्यात तिचं नाव घमेंडी पोरगी असं होतं.

"बेटी, त्या येळचं..." हैदरभायनी सुरुवात केली. वाटेत त्यांनी एक वाक्य जुळवलं होतं. "लगीन मोडलं ते तुझ्या भल्याचंच झालं ना? डी.एड. झालं, आदिलसारखा माणूस मिळाला..."

अम्बरीनने पेन खाली ठेवलं. "झालं ना. मला मोडायचंच होतं ते. पण चाचा, मी ते अब्बांना स्वतः सांगणार होते. रविवारी. मनात सगळं पाठ केलं होतं. ते माझं वाक्य होतं. तुम्ही ते हॉटेलात चहाबरोबर पिऊन टाकलंत. अब्बांना वाटलं, पोरीने गावाला सांगितलं, बापाला नाही. ते जाईपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं."

हैदरभायनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "माझी चूक हाय ती. माफी मागायला आलो नव्हतो, कुलपाचं सांगायला आलो होतो. पन आधी ती मागतो."

अम्बरीनने माफ केलं असं काही म्हटलं नाही. "कुलपाचं काय?" तिने विचारलं.

शुक्रवारी ती क्लासमध्ये आली. सारिकाने आधीच आदिलला कुवेतला फोनवर अर्धा तास समजावून त्याचं कुलूप मागवून घेतलं होतं. अम्बरीनने सगळ्यांना लांब उभं करून स्वतः टाइप केलं, कुलूप लावलं, पत्र पेटीत टाकलं. मग खुर्चीवरून उठली.

"आता बसा, चाचा. वाचा."

बाकावरच्या बायका उठून मागे आल्या. उझैरही बॅटरी बघायला म्हणून आला होता, तोही थांबला. सारिकाने हैदरभायना मालकाची चावी, म्हणजे डब्याचा सगळ्यांत मोठा पासवर्ड, टाकून दिला. पत्र उघडलं.

"मोठ्याने," अम्बरीन म्हणाली.

हैदरभायनी चष्मा लावला. "एच, क्यू, ई, एम, ए," त्यांनी वाचलं. "मग तीन. मग डब्ल्यू. मग आडवी रेघ... तिरकी रेघ."

"पुढे."

त्यांनी चार ओळी वाचल्या. पाचव्या ओळीला घाम आला. सहावीला उझैर हसायला लागला, मग बायका. हैदरभाय मात्र वाचत राहिले, बोट ठेवून, अडखळत, पहिलीतल्या पोरासारखे. दहाव्या ओळीला अम्बरीनने "बस" म्हटलं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे नाही. बाई होती, मुलाला धडा खरंच येत नाही की तो ढोंग करतोय, ते तिला ओळखता येत होतं.

"मला पेटी द्या," ती सारिकाला म्हणाली.

गेलेली सगळी घरं परत आली नाहीत. सतरा आली. बाकीच्यांना कुलूप-किल्ली म्हणजे कटकट वाटली. ती फुकटच्या पेटीत गेली आणि तेलाच्या जाहिराती बघत सुखाने राहिली. सतरातल्या चार बायकांनी फ्लॉप्या हरवल्या. ठमाबाईने कुलूप नको म्हणून सांगितलं. "माज्या म्हशीचं कुनाला चोरायचंय?" ती म्हणाली आणि ते खरं होतं.

आमिनाने मात्र कुलूप करून घेतलं. फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मसाल्याच्या बरणीमागे ठेवली. शुक्रवारी आता ती एकटी माळ्यावर जायची, गुडघे धरून, एकेक पायरी. हैदरभाय खाली झेरॉक्सपाशी उभे. ती उतरली की ते विचारायचे, "काय म्हनते पोरगी?" आणि ती म्हणायची, "बरी आहे."

ऑगस्टात एका दुपारी अम्बरीन झेरॉक्सला आली आणि म्हणाली, "मुबारक हो, नाना होणार तुम्ही."

हैदरभायच्या हातातला कागद मशीनमध्ये तिरका गेला.

घरी जाऊन त्यांनी विचारलं, "कितवा महिना?"

"पाचवा," आमिना म्हणाली. भाकरी थापत होती.

"आनि गावाला माहीत?"

"गावाला नाही. अम्बरीनला सांगितलं, तिला रिम्शाने पाठवलेल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतलं इंग्रजी विचारायचं होतं."

"मला का नाय सांगितलं?"

"रिम्शा म्हणाली, तीन महिने होईपर्यंत अब्बांना नको. मग माझं राहूनच गेलं." आमिनाने भाकरी उलटली. "आणि खरं सांगू? मजा येत होती."

हैदरभाय अंगणात जाऊन बसले. तासभर रुसले. रुसवा टिकेना, कारण मधेच हसू यायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून रुसावं लागायचं. शेवटी चपला घालून ते माळ्यावर गेले. सारिकाचा क्लास चालू होता. त्यांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं की मला लेकीला पत्र लिहायचंय, स्वतःच्या हाताने, कुलूप लावून.

"लिहा की. तिचं उत्तर आलं की उघडायला तुमची किल्ली लागेल. मी करून दिलेली फ्लॉपी कुठंय?"

हैदरभायनी खिसे चाचपले. फ्लॉपी इस्त्रीच्या शर्टात होती आणि शर्ट परवा धुतला होता.

"मग नवीन कुलूप करावं लागेल," सारिका म्हणाली. "जुनं काही आलेलं असेल तर ते गेलं. मी पण उघडू शकत नाही."

"कुनीच नाय?"

"कुणीच नाही."

हैदरभायनी मान हलवली, खुर्ची ओढली आणि एका बोटाने रिम्शाचं नाव शोधायला लागले. 'आर' सापडला. 'आय' सापडायला वेळ लागला.