तुटक्या कानाचा वाघ

"ओ बाई, हात नको लावू वाघाले!" शिपाई ओरडला.

रामबाईने हात काढला नाही. कडेवर प्रमिलाबाईंची पेंगुळलेली लेक होती आणि मोकळा हात पेंढा भरलेल्या वाघाच्या डाव्या कानावर. कान अर्धाच होता.

प्रमिलाबाईंनी तिला दंड धरून मागे ओढले. सिंदीहून मंडळी सकाळच्या गाडीने नागपूर पाहायला आली होती. महाराजबाग झाली, दुपारचे नाटक झाले. नाटकातल्या विधवेचा विलाप ऐकून प्रमिलाबाईंचे डोळे अजून लाल होते. आता एका मालगुजार जमीनदाराच्या बंगल्यातले संग्रहालय पाहिले, की साडेपाचची गाडी. रामबाई आली होती ती पोरीला सांभाळायला. चार वर्षे ती त्यांच्याकडे कामाला होती. हिंगणीकडची गोंडीण, नवरा जंगलात मेला, यापलीकडे तिला कोणी काही विचारले नव्हते.

"जी, ह्या पाटीवर काय लिवलं हाये?" तिने वासुदेवरावांना विचारले. प्रमिलाबाईंचे हे यजमान शाळेत मास्तर होते.

त्यांनी चष्मा सावरला. "बोरचे जंगल, सन एकोणीसशे सदतीस. मालगुजारसाहेबांनी जमिनीवर उभे राहून एका गोळीत मारला. डावा कान दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत तुटलेला."

"वाघानं नाई तोडला," रामबाई म्हणाली. "माह्या मानसानं तोडला. कवडूनं."

"कोण कवडू?" प्रमिलाबाईंनी विचारले.

"माहा नवरा. शिकारीत रान हाकाले नेलतं त्याले. वाघ आंगावर आला तवा मालगुजार मचानावर होते. वाघाखाली दबला, तरी कवडूनं कुऱ्हाड हानली. मंग वरून गोळी सुटली."

त्या संध्याकाळी वाघ आणि कवडू, दोघांचीही प्रेते गावात आणून मोहाच्या झाडाखाली ठेवली होती. वाघाभोवती सारे गाव लोटले होते, फोटो निघत होते. कवडूजवळ ती एकटी होती. तिथूनच तिने तो रक्ताळलेला कान पाहिला होता, रात्र पडेपर्यंत.

"हळू बोल गं, लोक बघताहेत," प्रमिलाबाई पुटपुटल्या. "सगळे वाघ सारखेच दिसतात."

शिपाई हसला. रामबाईने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"मास्तर, ह्या पाटीवर कवडूचं नाव लिवा ना जी."

"ते आपल्या हातात नसतं, रामबाई. चल, गाडी चुकेल."

दाराशी अभिप्रायाची वही होती. वासुदेवराव लिहायला वाकले, तशी ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मंग इथं तरी लिवा. कवडू, हिंगणीचा. वाघाचा कान त्यानं तोडला."

वासुदेवरावांनी टाक दौतीत बुडवला. मग त्यांनी लिहिले, 'संग्रह प्रेक्षणीय. व्यवस्था उत्तम.' खाली सही केली.

"लिवलं?"

"हो."

"ह्यातलं कवडू कोनतं?"

वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिले. प्रमिलाबाई चपला शोधू लागल्या. मास्तरांनी आपल्याच सहीवर बोट ठेवले.

रामबाईने त्या अक्षरांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. शाई वाळली नव्हती. कपाळावर निळा डाग उमटला.

"अगं, पूस ते," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"राहू द्या, बाई," रामबाई म्हणाली, आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेऊन पायऱ्या उतरू लागली.