नवरदेवाचा लोकरी कोट

कोटाचं माप द्यायला नवरा मुलगा जातो, ही जगाची रीत. डोंबिवलीचे त्र्यंबकराव मात्र स्वतःच कल्याणला दौलत शिंप्यापुढे छाती काढून उभे राहिले. "आमच्या श्रीपादला रजा नाही. पण तो अगदी माझ्याच अंगाचा," अशी लोणकढी थापही त्यांनी ठोकून दिली. श्रीपाद पाप्याचं पितर आणि वडील चांगले गरगरीत.

कापड आणि शिलाई ठाण्याच्या व्याह्यांची होती. कचेरीत शेजारचा हेडक्लार्क लोकरी कोट घालून यायचा आणि त्र्यंबकराव वर्षानुवर्षं सुती कोटात बसून जळायचे. मुलगा एक दिवस मिरवणार, मग कोट ट्रंकेत कसरीच्या तोंडी जाणार. त्यापेक्षा बापाने वापरला तर कुठे बिघडलं?

कोट आला. श्रीपादने घातला तर खांदे दंडांवर उतरले आणि हात बाह्यांत बुडाले.

"बाबा, ह्यात मी आणि नीला दोघंही मावू."

"लग्नानंतर अंग भरतं रे."

"भरेल तेव्हा भरेल. मांडवात मला हसं करून घ्यायचं नाही."

झक मारत त्र्यंबकराव त्याला दौलतकडे घेऊन गेले. श्रीपाद पडद्याआड कोट काढत असताना ते शिंप्याला हळूच म्हणाले, "आत दुमडून नुसते टाके घाल. कापायचं नाही हं. लग्न झालं की उसवून मी घालणार आहे."

तयार कोट आणायला श्रीपाद एकटाच गेला.

लग्नात कोट असा काही बसला की व्याहीही खूष झाले. त्र्यंबकरावांचं लक्ष सुनेकडे नव्हतं, अक्षतांकडे नव्हतं. पंगतीत श्रीपादच्या बाहीवर मठ्ठ्याचा थेंब उडाला, तेव्हा यांच्या काळजात चर्र झालं.

मांडव उतरताच ते ब्लेड घेऊन कोट उसवायला बसले. आत दुमडलेलं कापड नव्हतंच.

"मीच कापायला लावलं," श्रीपाद म्हणाला. "पडद्याआडून सगळं ऐकलं होतं, बाबा. फार वाईट वाटलं. माझ्या लग्नाचा कोटही तुम्हाला माझा वाटला नाही."

त्र्यंबकराव ओशाळले, पण जेवणाची पानं मांडेपर्यंतच. भात कालवता कालवता बायकोला म्हणाले, "माझंच चुकलं, कलावती. मधूच्या लग्नात शिवून घ्यायचं नाही. नुसतं कापड मागायचं."

धाकटा मधू तेव्हा मराठी चौथीत होता. नवी सून नीला आमटी वाढायला वाकली होती. ती सासऱ्यांना न वाढताच भांडं घेऊन आत गेली.