येसूबाईने धरलेले कपाट

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. घरात नव्हे, मी चाकांवर राहते. जीपच्या मागे जोडून ओढायची एक खोली असते, तिला ट्रेलर म्हणतात. तिच्या कोपऱ्यात माझी जागा.

एडवणच्या सुजीतने पाहुण्यांना समुद्रकाठी राहायला द्यायचा म्हणून हा ट्रेलर घेतला. बोईसरच्या अंकुश सुताराने मला त्यातच घडवले आणि माझे पाय प्लायवूडच्या जमिनीला स्क्रूने आवळले. पाहुणे दार उघडून माझे कौतुक करत. खोटे कशाला बोलू, मला भारी वाटे.

स्वच्छता मात्र सुजीतच्या आईची, येसूबाईची. तिचा जन्म बोटी धुण्यात गेलेला. ती रोज ट्रेलरमध्ये बादलीने पाणी ओतून जमीन घासायची. सून रिद्धी म्हणाली, "आई, ओल्या फडक्यानं पुसा ना."

"पुसल्यानं काय व्हते? बोटीवर पानी मारतो, तसंच हाय हे," येसूबाई म्हणाली.

बोटीवरचे पाणी वाहून जाते. इथले माझ्या पायांशी मुरत गेले. दोन वर्षांत खालची फळी कुजली आणि मी डुगडुगू लागले. सुजीतने जाड स्क्रू पिळले, ते चार दिवस टिकले.

अंकुशने वाकून पाहिले. "सुजीतभाऊ, फळी बदलायला पायजे. बोल्ट खालच्या लोखंडातून पार काढू. दोन दिवस गाडी उभी ठेवा."

"सुट्टीचे पाहुणे येतायत. मग बघू."

त्या शनिवारी ट्रेलर केळव्याला न्यायचा होता. मला हलताना पाहून येसूबाई आत चढली. "मी धरून बसते. तू चल."

कुणीही तिला उतरवले नाही. वळणावर रिक्षा आडवी आली, सुजीतने ब्रेक दाबला आणि मी कपबशांसकट तिच्यावर कोसळले. तिचा उजवा हात माझ्याखाली होता. तिची किंकाळी मी अजून विसरले नाही.

पुढच्या आठवड्यात फळी बदलली, बोल्ट बसले. काम अर्ध्या दिवसात झाले.

आता मी तसूभर हलत नाही. येसूबाईच्या हाताची बोटे मात्र मिटत नाहीत. तिला मासळी कापता येत नाही, भातही रिद्धी कालवून देते. लोक म्हणतात, कपाटाने घात केला. मी काय बोलणार? पडले तर मीच.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत काही डुगडुगत असेल, तर ते धरून दिवस काढू नका. त्याच दिवशी मोठ्यांना सांगा आणि ते "मग बघू" म्हणाले, तर पुन्हा सांगा.

काल ट्रेलर जरासा मागे घ्यायचा होता. येसूबाई आत आली आणि डावा हात माझ्यावर टेकवून उभी राहिली.

"आय, आता नाय पडत ते," सुजीत म्हणाला.

तिने हात काढला नाही.