पायऱ्यांचा डोंगर

केम गावच्या शाळेपुढं पंचायतीनं डोंगर उभा केला होता. दिवाळीत पोरं किल्ला करतात तसाच, फक्त थोरला. बारदानावर माती थापलेली, वर अळीव पेरून हिरवागार केलेला. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत पायऱ्या, आणि किल्ल्यावर महाराज बसवतात त्या जागी लाल खुर्ची. विजयदिनाचे पाहुणे चढून तिथं झेंडा लावणार होते.

बजाबाईचा सयाजी कारगिलच्या लढाईत असलंच एक शिखर घेताना पडला. तिनं जात्यावर ओवी रचली होती:

दगडाच्या देशी गेला, वाट न्हाई, झाड न्हाई
लेक माझा चढू गेला, हात द्याया माय न्हाई

आज ती मांडवात बसून हा हिरवा डोंगर बघत होती.

शेजारी खालिद बसला होता. त्या चढावर सयाजीच्याच दोराला बांधलेला गडी. आता सोलापुरात, नवी पेठेत रिक्षा चालवायचा. डाव्या पायाची बोटं बर्फानं खाल्लेली.

"खालिद, असाच हुता का रं डोंगुर?"

"जाऊ द्या की, मावशी."

"इचारलं तेवढं सांग."

"गवताची काडी नव्हती. वरून गोळ्या, आन् आमी पालीवानी कड्याला चिकटलेलो. सयाजीनं वर दोर बांधला, तवा बाकीचे चढले. तो तितंच ऱ्हायला."

तेवढ्यात पाहुण्या साहेबांना पायथ्याशी उभं करून सरपंच रेवणसिद्ध आले, मागं चार-पाच कार्यकर्ते. "आक्का, साहेब वर गेले की तुमी खालनंच ओवाळा. वर एकच खुर्ची हाय."

"पायऱ्या कुणी केल्या?"

"साहेबांचं गुडघं दुखत्यात की!" ते हसले. मागचेही हसले.

बजाबाई उठली. मांडवाच्या खड्ड्यापाशी कुदळ पडली होती, ती तिनं उचलली अन् पहिल्याच पायरीवर घातली. माती उडाली.

"आक्का! डोस्कं फिरलं का?"

"फिरलंच! सव्वीस वर्सं सरळ ठेवलं, त्येच चुकलं. माझ्या लेकाला पायऱ्या नव्हत्या!"

दुसरी पायरी गेली. तिसरी गेली. हादऱ्यानं वरची खुर्ची कलंडली आणि गडगडत पाहुण्यांच्या पायाशी आली. झेंडा हातात धरून ते तसेच उभे.

"चढा आता," बजाबाई म्हणाली.

खालिद लंगडत पुढं आला, वाकला, आणि मुठीमुठीनं अळीव उपटून फेकू लागला. खालची करडी माती उघडी पडली.

"आता जरा तसा दिसतोय, मावशी."

"जरा," बजाबाई म्हणाली, आणि तिनं पुन्हा कुदळ उचलली.